व्हेटरनरीवाल्यांसाठी स्टेम ओपीटी: बारा महिने संपायच्या आधी

फेब्रुवारीतली सकाळ. देवणी रोडला एका गोठ्यात उस्मानाबादी शेळी अडली होती आणि माझा हात आत. पिल्लाचं डोकं मागं वळलेलं. तेवढ्यात फोन वाजला. शेळीवाल्या मामांनी खिशातून काढून माझ्या कानाला लावला.

"ताई, माझं ओपीटी एकवीस जूनला संपायलंय. एक्स्टेन्शन भेटंल का?"

"कोड काय तुझा?"

"कशाचा कोड?"

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की परभणी नाहीतर उदगीरच्या कुठल्यातरी ज्युनिअरचा असा फोन येतोच, आणि दरवेळी गाडी याच प्रश्नावर अडते. म्हणून अमेरिकेत शिकून झाल्यावर तिथं काम करायची परवानगी, म्हणजे ओपीटी, वाढवून कशी घ्यायची ते एकदाचं लिहून काढते. मी उदगीरच्या कॉलेजातून बीव्हीएससी केलं, २०१९ ला अमेरिकेत गेले, मे २०२१ मध्ये व्हेटरनरी मायक्रोबायॉलॉजीत एमएस झालं, आणि पुढची तीन वर्षं तिथं नोकरी केली. पहिलं वर्ष साध्या ओपीटीवर, पुढची दोन स्टेम एक्स्टेन्शनवर. २०२४ ला परत आले. मी वकील नाही. तुमच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमधला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी, जे सांगेल ते माझ्या सांगण्याच्या वर, हे आधीच सांगते.

हिशेब सरळ आहे. एफ-१ व्हिसावर शिकून पदवी मिळाली की शिक्षणाशी संबंधित काम करायला बारा महिने मिळतात, ते ओपीटी. पदवी सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत बसत असेल तर त्यावर आणखी चोवीस. एकूण तीन वर्षं. २००८ ला ही सवलत सुरू झाली तेव्हा ती सतरा महिन्यांची होती, मे २०१६ पासून चोवीस झाली. जुने लेख वाचून कुणी सतरा म्हणालं तर सोडून द्या.

आता कोड. तुमच्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी सहा आकडी सीआयपी कोड छापलेला असतो. पदवी स्टेम आहे का नाही, हे त्या आकड्यावर ठरतं. डिग्रीच्या नावात काय आहे ते कुणी विचारत नाही. आमच्या लॅबमध्ये मी आणि आणखी एक मुलगी एकाच प्रोफेसरकडं, एकाच फ्रीझरमधले नमुने काढून काम करत होतो, पण तिचा विभाग वेगळा, म्हणून तिचा कोड वेगळा. जनरल मायक्रोबायॉलॉजीचा कोड २६.०५०२. २६ ने सुरू होणारे जीवशास्त्राचे सगळे कोड यादीत आहेत, तिथं चिंता नाही. व्हेटरनरीचे कोड पूर्वी ५१ ने सुरू व्हायचे. २०२० च्या नव्या वर्गवारीत ते ०१ च्या घरात गेले, शेती आणि पशुविज्ञानाच्या शेजारी. त्यामुळं जुन्या यादीत ५१ शोधत बसलात तर स्वतःचा कोड सापडणारच नाही आणि उगाच घाबरून जाल. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याची चालू यादी उघडा, आय-२० शेजारी ठेवा, सहाच्या सहा आकडे जुळवा. डीव्हीएम, म्हणजे तिथली व्हेटची पदवी, करणाऱ्यांनीही हेच करायचं, "डॉक्टरकी आहे म्हणजे स्टेम असणारच" असं धरून चालायचं नाही.

आपल्या पोरांमध्ये एमपीएचचं, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थचं, फार आहे. तिथं जास्त जपून. एपिडेमिऑलॉजीचा २६.१३०९ यादीत बसतो; पब्लिक हेल्थ जनरलचा कोड वेगळा असतो. दोन्हींच्या डिग्रीवर मोठ्या अक्षरात एमपीएचच लिहिलेलं. प्रवेश घेताना फी आणि हॉस्टेल विचारता तसा कोडही ईमेल करून विचारा, कारण पदवी झाल्यावर तो आपल्या मर्जीनं बदलून मिळत नाही. एक पळवाट मात्र कायदेशीर आहे: शेवटची पदवी स्टेम नसेल, पण डीएसओ एक्स्टेन्शनची शिफारस टाकेल त्याआधीच्या दहा वर्षांत अमेरिकेतच घेतलेली दुसरी पदवी स्टेम असेल आणि तिच्यावर एक्स्टेन्शन वापरलेलं नसेल, तर तिच्या जोरावर अर्ज करता येतो. नोकरी त्या जुन्या पदवीशी जुळली पाहिजे. आपलं उदगीर-परभणीचं बीव्हीएससी यात धरत नाहीत. साडेपाच वर्षं घालवली, पण नाही धरत.

कोड बसला म्हणून हुरळून जाऊ नका. मी हुरळले होते.

जून २०२१ ला मी एका छोट्या खाजगी लॅबमध्ये लागले. मालक स्वतः व्हेट, माणूस चांगला, थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावणारा. जानेवारीत मी एक्स्टेन्शनचा विषय काढला तेव्हा कळलं की लॅब ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेलीच नाही. कामावर घेतलेल्या माणसाला काम करायची परवानगी आहे का, हे तपासायची ती सरकारी ऑनलाइन व्यवस्था. साध्या ओपीटीला ती लागत नाही, स्टेमला मालक तिच्यात असणं सक्तीचं. नोंदणीला पैसे पडत नाहीत, सगळं घरबसल्या होतं, एका करारावर ऑनलाइन सही करायची. पण सरकारनं नाक खुपसू नये अशी त्याची पक्की समजूत. "नेक्स्ट वीक" म्हणाला. पुढच्या आठवड्यातही "नेक्स्ट वीक". आपल्याकडं तलाठ्यानं "उद्या या" म्हणावं तसं. चौथ्या आठवड्यात मी दुसरीकडं अर्ज टाकायला लागले, आणि मार्चमध्ये एका विद्यापीठाच्या डायग्नोस्टिक लॅबमध्ये लागले. मधे अकरा दिवस बिनकामाचे गेले. ते अकरा दिवस सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदव्यवस्थेत मोजले जातात, ते पुढं सांगते.

म्हणून सांगते, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतच विचारा: "आर यू एनरोल्ड इन ई-व्हेरिफाय?" लाजायचं नाही. विद्यापीठ असलं तरी विचारायचं, काही विद्यापीठांत सगळे विभाग त्यात नसतात. आणि हो म्हणाले की कंपनीचा ई-व्हेरिफाय नंबर आणि तिथं नोंदलेलं नाव, दोन्ही लेखी मागून घ्या. पाटीवरचं नाव एक, तिथलं नाव दुसरं, असं सर्रास असतं. आय-७६५ म्हणजे वर्क परमिटच्या अर्जात नाव ई-व्हेरिफायमध्ये आहे तसंच भरायचं असतं. माझ्या लॅबच्या पाटीवर लॅबचं नाव होतं, ई-व्हेरिफायमध्ये विद्यापीठाचं. पाटी बघून भरलं असतं तर अर्ज लटकला असता.

आता आय-९८३. हा ट्रेनिंग प्लॅन. सगळ्यात जास्त कंटाळा याचाच करतात आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायला हवा. तुम्ही आणि मालकानं मिळून भरायचा, दोघांनी सही करायची आणि डीएसओला द्यायचा. तो अर्जाबरोबर यूएससीआयएसला (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) पाठवत नाहीत, विद्यापीठाकडं राहतो, पण ते मागू शकतात. त्यात पगार, आठवड्याचे तास (किमान वीस), कुणाच्या हाताखाली काम करणार, आणि मग खरा भाग: भूमिका काय, ध्येय काय, देखरेख कशी, प्रगती मोजणार कशी. पगार तिथल्या तशाच कामाच्या अमेरिकन माणसाएवढा हवा. फुकट राबणं, व्हॉलंटिअरिंग, स्वतःचंच दुकान टाकून स्वतःला कामावर ठेवणं, हे चालत नाही.

माझा पहिला खर्डा असा होता: "मी लॅबमध्ये पीसीआर आणि एलायझा करीन आणि नवीन तंत्रं शिकीन." डीएसओ बाईंनी वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, हे तर तू आत्ताही करतेस, शिकणार काय? बरोबरच होतं. मग मी सुपरवायझरजवळ बसून तो पुन्हा लिहिला. आमच्याकडं रोज डुकरांच्या लाळेचे नमुने यायचे. गोठ्यात सुती दोर टांगतात, डुकरं तो चघळतात, मग दोर पिळून लाळ ट्यूबमध्ये घेतात. सुई नाही, आरडाओरडा नाही. एका दोरात पूर्ण कप्प्याचा अंदाज येतो. आमच्या आयोवा राज्यात माणसांपेक्षा डुकरं जास्त, त्यामुळं दोरांना तोटा नव्हता. त्यावर पीआरआरएस या डुकरांच्या विषाणूजन्य रोगाचा आरटी-पीसीआर करायचा. नवा मसुदा साधारण असा झाला: पहिले सहा महिने लाळेतून आरएनए काढणं आणि ठरलेल्या एसओपीनुसार पीसीआर स्वतंत्रपणे चालवणं, पुढचे सहा महिने सीटी व्हॅल्यू (विषाणू किती ते दाखवणारा आकडा) काठावर आलेल्या नमुन्यांचा अर्थ लावणं आणि कधी पुन्हा तपासायचं ते ठरवणं, दुसऱ्या वर्षी पॉझिटिव्ह नमुन्यांचं सीक्वेन्सिंग आणि स्ट्रेनची तुलना. देखरेखीत लिहिलं की दर सोमवारी सुपरवायझरबरोबर अर्धा तास, मागच्या आठवड्याच्या प्लेट्स समोर ठेवून. मोजमापात लिहिलं की दर तिमाहीला ओळख न सांगता दिलेले नमुने मी तपासणार आणि उत्तरं पडताळली जाणार. शेवटी प्रत्येक टप्प्यापुढं एमएसच्या कोणत्या विषयाशी नातं आहे ते एकेका ओळीत. बाई म्हणाल्या, आता कळलं.

हे नातंच महत्त्वाचं आहे. मायक्रोबायॉलॉजीत एमएस करून छोट्या प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये पिंजरे धुणं हे पदवीशी संबंधित काम नाही, मालकानं कितीही गोड शब्दांत लिहिलं तरी. आणि क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणून उभं राहायचं असेल तर वर्क परमिट पुरत नाही, त्या राज्याचं लायसन्स लागतं. भारतातल्या डिग्रीवाल्यांसाठी त्याचा रस्ता ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह हा परदेशी डिग्री तपासणारा कार्यक्रम, आणि मग नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा. तो वेगळा डोंगर आहे. इथं तालुक्यात लोक "डॉक्टरसाहेब" म्हणत खुर्ची पुढं करतात, तिथं लायसन्सशिवाय कुत्र्याचं निदान करून औषध लिहून दिलंत तर गुन्हा. ओपीटी त्याला झाकत नाही.

एका कन्सल्टन्सीचा फोन मलाही आला होता. "तुम्ही फक्त सही करा, कागदावर नोकरी आमची, पैसे तुमचेच फिरवू." होमलँड सिक्युरिटीचे लोक कामाच्या जागी येऊन बघू शकतात, साधारण अठ्ठेचाळीस तास आधी कळवून, आणि तक्रार असेल तर न कळवता. त्या जागी फक्त बंद शटर असेल तर तुमचा व्हिसा गेला, पुढचे रस्तेही बंद. मी फोन ठेवून दिला.

तारखांचं माझं गणित जसंच्या तसं देते. ओपीटी १३ जून २०२२ ला संपत होतं. त्याच्या नव्वद दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे १५ मार्चपासून. पण मार्चमध्ये मी नवीन नोकरीत रुजू होत होते. ९८३ तयार व्हायला एप्रिल उजाडला. ११ एप्रिलला डीएसओनं सेव्हिसमध्ये शिफारस टाकून नवी आय-२० दिली, १४ ला मी ऑनलाइन अर्ज भरला. शिफारस टाकल्यापासून साठ दिवसांत अर्ज पोचलाच पाहिजे, आणि जुनं ओपीटी संपायच्या आधीही पोचलाच पाहिजे. पहिल्या ओपीटीला ही मुदत तीस दिवसांची असते, त्यामुळं पोरांचा गोंधळ होतो. दुसरा गोंधळ याहून महागाचा: ओपीटी संपल्यावर देश सोडायला साठ दिवस मिळतात, तर त्यात एक्स्टेन्शनचा अर्ज करू असं काहींना वाटतं. नाही करता येत. चौदा जून उजाडला की दार बंद.

अर्जात वर्ग निवडताना डोळे उघडे ठेवा. पहिल्या ओपीटीचा सी-३-बी, स्टेमचा सी-३-सी. एका अक्षरानं अर्ज नामंजूर होतो. सोबत जोडायचं: शिफारस असलेली आणि तुम्ही सही केलेली नवी आय-२०, पदवी किंवा मार्कशीट, जुनं ईएडी कार्ड (वर्क परमिट) दोन्ही बाजूंनी, पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आणि दोन बाय दोन इंचाचा नवा फोटो. फोटो उदगीरच्या स्टुडिओतला, मागं निळा पडदा असलेला नको, पांढरा हवा. माझ्या वेळी फी ४१० डॉलर होती. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४७० आणि कागदावर ५२० झाली. भरायच्या दिवशी साइटवर पुन्हा बघा. घाई असेल तर वेगळी जास्तीची फी भरून प्रीमियम करता येतं, तीस कामाच्या दिवसांत उत्तर येतं. लॅबमधल्या पगारात मला ते जड होतं आणि गरजही नव्हती.

गरज नव्हती ती यामुळं: वेळेत अर्ज केला असेल तर ओपीटी संपल्यावरही १८० दिवस काम चालू ठेवता येतं. माझ्या बाबतीत १० डिसेंबरपर्यंत. १३ जूनला एचआरमधल्या मुलीनं विचारलं, तुझं कार्ड आज संपतंय ना? मी तिला जुनं कार्ड, नवी आय-२० आणि अर्जाची पावती, तिन्ही एकत्र पिन मारून दिले. तिनं नियम वाचला, मान हलवली. जुलैअखेर कार्ड आलं. पत्रपेटीवर माझं नाव नव्हतं, रूममेटचं होतं, म्हणून मी आधीच चिकटपट्टीवर लिहून डकवलं होतं. ही पत्रं दुसऱ्या पत्त्यावर पुढं पाठवली जात नाहीत, परत जातात. आणि चोवीस महिने कार्ड आलेल्या दिवसापासून मोजत नाहीत, १४ जूनपासूनच मोजतात. कार्ड उशिरा आलं म्हणून पुढचे महिने वाढून मिळत नाहीत.

या मधल्या काळात घरी येऊ नका, एवढं ऐका. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ३ जूनला उदगीरला होतं. माझा व्हिसा २०२४ पर्यंत चालू होता, ओपीटीही १३ जूनपर्यंत. पण परतीचं तिकीट २० जूनचं मिळत होतं. म्हणजे कार्ड संपलेलं, नवं आलेलं नाही आणि मी विमानतळावर अधिकाऱ्यासमोर. डीएसओ बाई म्हणाल्या, मी तुला नाही म्हणू शकत नाही, पण माझी मुलगी असतीस तर जाऊ दिलं नसतं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा, तिकडं रात्रीचे दोन वाजून पाच मिनिटं. मी खाटेवर बसून, शालू नेसून, फोनवर अक्षता टाकल्या. आईनं फोन नवरीकडं फिरवला तर स्क्रीनवर फक्त मांडवाचं छत. त्यात परत व्हिसा संपलेला असेल तर मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना त्यासाठी समक्ष मुलाखत द्यावी लागते. पूर्वीसारखं कागद टाकून मोकळं होता येत नाही.

कार्ड हातात आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. दर सहा महिन्यांनी डीएसओला नोकरी, पत्ता, मालक तेच आहेत असं कळवायचं. पत्ता किंवा नोकरी बदलली तर दहा दिवसांत. वर्षानं ९८३ च्या शेवटी असलेलं मूल्यमापन स्वतः लिहून मालकाची सही घेऊन द्यायचं, चोवीस महिन्यांनी किंवा नोकरी सोडताना अंतिम. पगार कमी झाला, तास घटले, काम बदललं, तरी नवा ९८३. नवी नोकरी धरली तर तिथंही ई-व्हेरिफाय, तिथंही नवा प्लॅन. बिनकामाचे दिवस पहिल्या ओपीटीत जास्तीत जास्त नव्वद, आणि स्टेम धरून एकूण दीडशे. माझे ते अकरा दिवस त्या दीडशेतले. मी फ्रिजवर कागद लावून मोजत असे, शेजारी दूधवाल्याच्या खाड्यांसारख्या रेघा.

दुसऱ्या वर्षी पहिल्या मूल्यमापनाची तारीख मी विसरले. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला तेव्हापासून माझा जीव निम्मा इकडंच होता. आमच्या आबांचा लाल कंधारी बैल त्यात गेला, आणि मी तिकडं डुकरांच्या लाळेत विषाणू शोधत होते. पुढच्या जूनपर्यंतही मन ठिकाणावर नव्हतं म्हणा. डीएसओची आठवणीची ईमेल आली म्हणून वाचले. प्रत्येक विद्यापीठ अशी आठवण करतंच असं नाही. फोनमध्ये गजर लावा.

चोवीस महिन्यांनंतर काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी डोक्यात ठेवा. विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत येत नाहीत, वर्षभर कधीही अर्ज करू शकतात, म्हणून डायग्नोस्टिक लॅबवाल्यांना तो रस्ता खाजगी कंपनीपेक्षा सोपा. पीएचडी केलीत तर वरच्या पदवीवर नवं ओपीटी आणि आयुष्यात आणखी एकदा स्टेम एक्स्टेन्शन मिळू शकतं. माझ्या प्रोफेसरांनी पीएचडीचं विचारलं होतं. त्याच वसंतात, मार्च २०२४ ला, टेक्सासच्या दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि लॅबमध्ये दुधाच्या नमुन्यांचे खोके यायला लागले. काम सोडवत नव्हतं. तरी १३ जूनला अंतिम मूल्यमापनावर सही घेतली, साठ दिवसांत सामान विकलं आणि आले.

त्या पोराला गोठ्यातूनच सांगितलं, आय-२० चा फोटो पाठव. शेळीचं दुसरं पिल्लू निघेपर्यंत आला. कोड २६.०५०२. ई-व्हेरिफायचं विचारलं तर म्हणाला, "विचारून सांगतो ताई, मॅनेजर रजेवर आहे." पंधरा मार्चच्या आत कळव, नाहीतर दुसरीकडं अर्ज टाकायला लाग, असं बजावलंय.